मावसाजी आणि उघडा कंस

इंदुरात माझ्या मावसाजींइतका अस्वस्थ माणूस दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर तो एका जागी सापडला नसेल म्हणून आपल्याला माहीत नाही. पोहे ते उभ्याने खात, चहा फिरता फिरता पीत, आणि दाढी करताना त्यांचा एक गाल न्हाणीघरात आणि दुसरा अंगणात होत असे. सिनेमाला गेले तर इंटरव्हलला उठून बाहेर येत आणि पुढची गोष्ट मावशीला स्वतःच रचून सांगत. ती बहुतेक वेळा पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा बरी असे. टेम्पो सवाऱ्यांसाठी थांबला की हे खाली उतरून चालू लागत, मागून तोच टेम्पो आला की पुन्हा त्यात चढत. या माणसाकडून भाडं किती वेळा घ्यायचं, हे टेम्पोवाल्याला कळत नसे. सुदामा नगरच्या न्हाव्याने तर हात जोडून सांगितलं होतं, “दादा, या तो आप हिलो, या उस्तरा हिलेगा. दोनों साथ में नहीं चलेगा.”

या चंचलपणाची मावसाजींकडे दोन कारणं होती. पहिलं घराण्याचं. त्यांचे पूर्वज संस्थानच्या पागेत घोड्यांवर देखरेख करायचे, आणि घोडा उभ्यानेच झोपतो, तो गुण आमच्यात उतरला, असं ते अभिमानाने सांगत. दुसरं कारण खरं होतं. ते परदेशीपुऱ्याकडच्या एका कापड मिलमध्ये मागांच्या खात्यात सुपरवायझर होते. मागांच्या दोन ओळींमधून पाळीभर चालायचं आणि कुठे धागा तुटला ते बघायचं, हे त्यांचं काम. त्या खडखडाटात कानाला काही ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. मावसाजींनाही ती विद्या येत होती. घरी आल्यावर मात्र ते मागांच्या आवाजावर मात करायच्या बेतानेच बोलत, त्यामुळे मावशीने भाजी कोणती केली आहे हे सगळ्या गल्लीला जेवणाआधी कळे.

मग मिल बंद पडली. तिकडे पेपरात रोज छापून येई की देश खुला होतोय, आणि इकडे एकेका फाटकाला कुलूप लागत होतं. आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग एका सकाळी दरबानाने मावसाजींना आत सोडलं नाही. तरी पुढे कितीतरी दिवस ते डबा घेऊन निघायचे, पार परदेशीपुऱ्यापर्यंत चालत जायचे, फाटकासमोर झाडाखाली डबा खायचे आणि परत यायचे. मावशी डबा भरून द्यायची. मी एकदा तिला म्हटलं, “अगं, कशाला देतेस? त्यांना समजाव ना.” ती म्हणाली, “समजलंय त्यांना. पायांना समजायला वेळ लागून राहिला आहे.”

पायांना समजल्यावर खरी पंचाईत झाली, कारण आता ते दिवसभर घरात चालू लागले. त्यांनी धंदे करून पाहिले. अगरबत्ती केली, ती पेटायची पण वास शेजारच्या घरात जायचा. कपड्यांची पावडर केली, तिने कपड्यांचा मळ निघाला आणि गल्लीतल्या बायकांच्या हातांची सालंही निघाली. विम्याची एजन्सी घेतली, तेव्हा गिऱ्हाईकाला पॉलिसी वाचून दाखवताना त्यातलं एक कलम दुसऱ्या कलमाशी जुळत नाही हे त्यांच्याच लक्षात आलं, आणि ते गिऱ्हाईकाला “तुम्ही थांबा जरा, घेऊ नका,” असं सांगून वरच्या साहेबाला भेटायला गेले. विम्याचं तिथेच संपलं.

त्यांची खरी गाठ पडली ती सियागंजात. त्यांचे मिलमधले जिवलग मित्र वानखेडे एक दिवस त्यांना तिथे घेऊन गेले. वानखेडेंचं घराणं महूचं, वडील आणि आजोबा फौजेत. स्वतः वानखेडेही कवायतीत उभे असल्यासारखे ताठ आणि शांत. दोघं बरोबर चालू लागले की घड्याळाचा लंबक आणि घड्याळाची पेटी चालल्यासारखे दिसत. सियागंजात एका जिऱ्या-मिरचीच्या व्यापाऱ्याने काळाची पावलं ओळखून गोदामाच्या वरच्या मजल्यावर शेअर दलालीचं ऑफिस थाटलं होतं. त्यांना सगळे सेठजी म्हणत. खाली पोती उतरत, वर कॉम्प्युटरवर शेअरचे तक्ते हिरवे-तांबडे होत, आणि मिरचीचा ट्रक आला की बाजार चढो वा पडो, सगळे शिंकत. भाव अमुक झाला, तमुकच्या वर गेला की पडद्यावर आपोआप खूण उमटावी, अशी सोय त्या चार्टच्या सॉफ्टवेअरमध्ये होती. पण त्यासाठी त्याला त्याच्याच भाषेत फॉर्म्युला लिहून द्यावा लागे, आणि एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी ते ‘एरर’ म्हणून बोंबलत असे. सेठजींचा फॉर्म्युला आठवडाभर असाच अडला होता. मावसाजी शिंकणाऱ्या माणसांच्या मागून फेऱ्या मारत होते. पडद्याकडे त्यांनी चालता चालता एक नजर टाकली आणि ओरडले, “तो बघा, कंस उघडा राहिला!”

खरंच एक कंस उघडून मिटायचा राहिला होता. तो मिटवला आणि फॉर्म्युला चालू झाला. मावसाजींचा चेहरा असा उजळला की वानखेडे पुढे म्हणत, “मिल बंद झाल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा साहेब कामावर आलेले दिसले.”

पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने आपला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला आणि मावसाजींच्या घरात नवीन व्याकरण सुरू झालं. त्यांनी स्वतः आयुष्यात एकही शेअर घेतला नाही. “मला शेअर काय करायचा आहे?” ते म्हणत, “मला वाक्य बरोबर पाहिजे.” सॉफ्टवेअरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्यांनी डिक्शनरी घेऊन घरभर चालत वाचलं. फॉर्म्युला तपासायचा तर ते तो मोठ्याने म्हणत: “कंस उघडा, बंद भाव, स्वल्पविराम, सरासरी, पुन्हा कंस उघडा…” शेजारच्या आजींना बरेच दिवस वाटायचं की मावसाजी कसलंसं नवीन स्तोत्र म्हणतात. आपल्या हिशेबात त्या चूक नव्हत्या. मावसाजींची श्रद्धा तशीच होती. “कंस उघडा सोडू नये,” ते म्हणायचे, “एका कंसाला मथुरेत मोकळा सोडला होता, काय झालं माहीत आहे ना?”

सॉफ्टवेअरच्या भाषेत ‘जर’ला तीन भाग लागतात: अट, अट खरी ठरली तर काय, आणि खोटी ठरली तर काय. तिसरा भाग विसरलात की एरर. हा नियम मावसाजींनी संसाराला लावला. मावशी म्हणाली, “बाजारात मेथी मिळाली तर आणा,” की हे दारातच अडून बसत, म्हणजे अडून फिरत. “आणि नाही मिळाली तर?”

“तर नका आणू.”

“हां. आता पूर्ण झालं,” म्हणून पिशवी उचलत. पोह्यांच्या दुकानात मी एकदा म्हटलं, “भैया, चहा आणि पोहे किंवा जलेबी द्या.” मावसाजींनी माझा हात धरला. “थांब नंदा. चहा-पोहे एका कंसात आणि जलेबी बाहेर, की पोहे-जलेबी कंसात आणि चहा बाहेर? दोन्हीचा अर्थ वेगळा होतो.” मागे रांग लागली होती. दुकानदाराने झारा खाली ठेवला आणि म्हणाला, “भिया, कंस घर से लगा के आया करो. यहाँ सिर्फ सेंव लगती है.”

सियागंजात मात्र त्यांना मान मिळू लागला. माणसं आपापल्या इच्छा घेऊन येत. कोणी म्हणे, “मौसाजी, शेअर थोडा गिरे, फिर अच्छे से उठे, बस तब घंटी बजा दो.” मावसाजी त्याच्याभोवती फिरत उलटतपासणी करत. थोडा म्हणजे किती? कशाच्या मानाने? कालच्या, की महिनाभराच्या? आणि ‘अच्छे से’ म्हणजे? त्या माणसाला कळून चुके की आपल्याला नक्की काय पाहिजे हे आपल्यालाच माहीत नाही. अर्धे लोक तिथूनच परत जात. मला वाटतं, मावसाजींनी जेवढ्यांना शेअर बाजारापासून वाचवलं तेवढ्यांना कुणाच्या बायकोनेही वाचवलं नसेल.

शेवटी सेठजींनीच आपली इच्छा सांगितली. भाव जिथे तळाला टेकून वर उठतो, बरोबर तिथे एक हिरवा बाण यायला पाहिजे. मावसाजी म्हणाले, करतो. पुढचे काही आठवडे मावशीने गाद्या, टेबल, खुर्च्या भिंतीला सरकवून ठेवल्या, कारण त्यांना फिरायला मैदान लागत होतं. ते जेवता जेवता उठायचे, काहीतरी टाइप करायचे, एरर आली की उपाशी राहिल्यासारखं तोंड करून परत यायचे. एके दुपारी मी गेले तर ते दारातच मला घ्यायला आले. “एरर गेली! ये, बघ!”

मी पाहिलं. पडद्यावर भाव लाटांसारखा खाली-वर होत होता आणि प्रत्येक लाटेच्या अगदी तळाशी एक हिरवा बाण होता. एकही चुकलेला नाही. जुना कोणताही शेअर उघडा, कोणतंही वर्ष उघडा, बाण तळाशी हजर. सियागंजात सेठजींनी पेढे वाटले. लोक जिन्यापर्यंत उभे राहून बाण बघू लागले. मावसाजींना बसायला स्वतंत्र खुर्ची मिळाली. ती अर्थात रिकामीच असे.

त्या गर्दीत वानखेडेही होते. मिलच्या हिशेबाचे पैसे नुकतेच त्यांच्या हाती आले होते. त्यात त्यांचं सगळं आयुष्य होतं, दुसरं काही नव्हतं. येत्या सोमवारी पहिला बाण दिसेल तो शेअर घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं. मावशीकडे येऊन त्यांनी मला ते सांगितलं तेव्हा त्यांचा ताठ चेहरा जरा सैल झाला होता. “साहेबांनी बनवलंय ना, ताई,” ते म्हणाले. “मागावर साहेबांनी हात फिरवला की आम्ही परत बघायचो नाही.” मावसाजी हे ऐकत होते. “पक्कं आहे,” एवढंच म्हणून ते लाजून अंगणात फिरायला गेले.

सोमवारी सकाळी कचेरीत जायच्या आधी मी काही डबे परत करायला मावशीकडे गेले, तर मावसाजी खुर्चीत बसले होते. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, हात मांडीवर. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता. “सकाळपासून असेच आहेत,” ती हळूच म्हणाली. “डॉक्टरला बोलवू का गं?”

मी जवळ जाऊन विचारलं, “काय झालं?”

त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं. आवाज इतका हळू होता की मला वाकावं लागलं. “सकाळी नवीन भाव उतरवून घेतले. हा गुरुवारचा बाण बघ. गुरुवारी हा नव्हता. शुक्रवारचा भाव आल्यावर आला.”

मला कळलं नाही. मग त्यांनी समजावलं. या भाषेत मागच्या दिवसाचा भाव बघायचा तर आकड्याआधी वजा लिहायचा. त्यांच्याकडून एका ठिकाणी वजा राहून गेला होता. त्यामुळे फॉर्म्युला मागे बघण्याऐवजी पुढे बघत होता, दुसऱ्या दिवशी भाव वर गेला आहे हे पाहून आदल्या दिवसाखाली बाण लावत होता. जुन्या तक्त्यावर प्रत्येक दिवसाचा दुसरा दिवस हजरच असतो, म्हणून तिथे बाण कधी चुकला नाही. पण तो दिसेपर्यंत भाव आधीच चढून गेलेला असायचा; आजच्या दिवसाखाली तो कधीच येणार नव्हता, कारण उद्या अजून उजाडलाच नव्हता.

“पण एरर नाही आली?” मी म्हटलं.

“का येईल? व्याकरण बरोबर आहे,” मावसाजी म्हणाले. “सगळे कंस मिटलेले आहेत. नुसतं वाक्य खोटं आहे.” आणि मग एकदम त्यांना आठवलं. “वानखेडे!”

वानखेडेंकडे फोन नव्हता. सियागंजचा फोन सारखा एंगेज येत होता, कारण इंटरनेट त्याच फोनवर चालायचं. बाजार उघडायला फार वेळ उरला नव्हता. मी स्कूटर काढली, मावसाजी मागे बसले, आणि मला आयुष्यातला सर्वांत कठीण प्रवास करावा लागला. वाहनं जरा तुंबली की मागचं ओझं नाहीसं व्हायचं. हे उतरून पुढे पळत असायचे. मी त्यांना गाठलं की पुन्हा चढायचे, आणि पुढच्या खोळंब्याला पुन्हा गायब. “मावसाजी, बसून राहा ना!” मी ओरडले. “तू चालव, मी भेटतो,” असं पळता पळता उत्तर आलं. राजवाड्याच्या गर्दीत ते जे उतरले ते मला परत दिसलेच नाहीत. मी गाडी लावून गोदामाचा जिना चढले तेव्हा ते आधीच वर पोचले होते. गाडीपेक्षा लवकर.

वर हलकल्लोळ चालला होता. मावसाजी मागांच्या आवाजात ओरडत होते, “बाण बघू नका! तो उद्याचं बघून आज लावतो! उद्या कोणी पाहिला आहे?”

“धीरे, मौसाजी, धीरे,” सेठजी त्यांच्या खांद्याला धरून म्हणत होते. “ग्राहक बैठे हैं. चल तो रहा है ना? एरर तो नहीं आ रही?”

“एरर नाही येत, हाच तर घोटाळा आहे!”

“तो फिर रहने दो. लोग खुश हैं.”

लोकांना मावसाजींचं ऐकायचंच नव्हतं. कोणी म्हणे, याला आता बाण दुसऱ्या दलालाला द्यायचा आहे. कोणी म्हणे, म्हाताऱ्याला खूळ लागलं. एकाने तर त्यांना हाताला धरून बाजूला ढकललं. खाली नेमका मिरचीचा ट्रक आला आणि सगळे एकदम ओरडू आणि शिंकू लागले. त्या गदारोळात मी जिन्याकडे पाहिलं, तर वानखेडे वर येत होते. धुतलेला पांढरा शर्ट, हातात पिशवी. ते दारात थांबले. मधे माणसांची भिंत होती. मावसाजींनी त्यांना पाहिलं आणि ओरडणं बंद केलं. त्यांनी नुसते ओठ हलवले. एक शब्दही ऐकू आला नाही. मलाही त्या ओठांवर काय होतं ते सांगता येणार नाही. वानखेडेंनी पाहिलं आणि वळून जिना उतरून गेले.

मग मावसाजींनी पुढे होऊन तो फॉर्म्युला कॉम्प्युटरवरून पुसून टाकला. सेठजी तसे भले गृहस्थ होते, पण भर बाजारात हे झाल्यावर त्यांनाही राग आवरला नाही. “कल से मत आना,” ते म्हणाले. मावसाजी म्हणाले, “वाक्य पूर्ण आहे,” आणि खाली आले.

खाली वानखेडे मिरचीच्या पोत्यांजवळ उभे होते. मला वाटलं, ते आभार मानतील. पण त्यांचे डोळे लाल होते, आणि ते मिरचीने झाले असतील असं मी म्हणणार नाही. “साहेब, तुम्ही पक्कं म्हणाला होता,” ते म्हणाले. “मी घरी सांगून बसलो होतो.” मावसाजींनी मान खाली घातली. वानखेडे पिशवी छातीशी धरून चालत निघून गेले, आणि नंतर बरेच दिवस सुदामा नगरला आले नाहीत. त्या दिवसांत मावसाजी फॉर्म्युले लिहीत नव्हते. मावशी दाराशी जाऊन रस्ता बघायची. मावसाजी बघत नव्हते असं दाखवून दाराशी चालायचे.

पावसाळ्यानंतर वानखेडे एकदाचे आले. त्यांनी परदेशीपुऱ्यात खोली घेऊन परकरांचे नाडे विणायची काही जुनी यंत्रं घेतलेली होती. ती धड चालत नव्हती. “धागा तुटतो, साहेब,” ते दारातूनच म्हणाले, “कुठे ते कळत नाही. येऊन बघता का?” मावसाजी त्यांचं वाक्य संपायच्या आधी चपला घालून रस्त्यावर होते. पुढे ते रोज तिथे जात राहिले. मी एकदा गेले होते. त्या चिमुकल्या यंत्रांच्या मधून दोघं मोठ्या मिलच्या ऐटीत चालत होते. खोली एवढीशी, की चार पावलं टाकली की वळावं लागे, आणि त्या दोघांना मधेच एकमेकांना वाट द्यावी लागे.

मग वय झालं. मुलगा पुण्याला चला म्हणून मागे लागला. मावशीलाही डोळ्यांनी नीट दिसेना झालं, तेव्हा मावसाजी कबूल झाले. बस सुटायच्या आधी ते खाली उतरून फेऱ्या मारत होते, आणि वानखेडे बाकावर ताठ बसून त्यांना बघत होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला तसे मावसाजी चालत्या गाडीबरोबर थोडं चालले, वानखेडेंकडे बघून काहीतरी ओठांनीच बोलले आणि चढले. वानखेडे नुसते हसले. काय म्हणाले ते मी त्यांना विचारलं नाही.

पुण्याला ते आणखी काही वर्षं होते. फोनवर बोलताना माझं बोलणं संपायच्या आतच ते रिसीव्हर मावशीकडे देत. मागे त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू यायचा. शेवटच्या दुखण्यात ते अंथरुणाला खिळले होते, पण तेव्हा मला जायला जमलं नाही. आडवे पडलेले मावसाजी मी पाहिले नाहीत. ते बरंच झालं, असं मी मनाला सांगते, आणि मन ते पूर्ण मानत नाही.

सुदामा नगरचं ते घर आता दुसऱ्यांनी घेतलं आहे. कचेरीतून येताना माझी वाट तिथूनच आहे. संध्याकाळी अंगणात एक गृहस्थ खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले असतात. सभ्य माणूस आहेत, ओळख झाल्यापासून मान हलवून हसतातही. मी जाते तेव्हा ते जसे बसलेले असतात, तसेच भाजी घेऊन परत येतानाही बसलेले असतात. त्यांचं काहीच चुकत नाही. पण मी त्या घरावरून जाताना हल्ली गाडी जरा जोरातच काढते.